तिसरा ढोल

ड्वेन वाव्राने खिशातून रुमाल काढून ॲल्युमिनियमचं बाकडं पुसलं, तळहात टेकवून पाहिला आणि पटकन मागे घेतला. मग हातातलं कार्यक्रमपत्रक उघडून त्याने बाकड्यावर पसरलं.

"यावर बस. नाहीतर भाजशील."

लोर्ना बसली. तिच्या हातांना अजून कांद्याचा वास येत होता. सकाळपासून ती आणि आणखी तिघी आया ढोल-बिगुलांच्या पथकाच्या ट्रकमधल्या स्वयंपाकघरात एकशे दहा पोरांसाठी खिम्याचे बन करत होत्या. साडेसहाला आपलं पथक मैदानात उतरणार, तेवढी अर्ध्या तासाची सुट्टी तिने मागून घेतली होती. सहा वाजून गेले होते, पण आयोवातलं जुलैचं ऊन हटायला तयार नव्हतं. शाळेच्या मैदानापलीकडे मक्याची शेतं निमूट उभी होती.

ड्वेन दोन तास आपला पिकअप हाकत आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून, गळ्यात दुर्बीण अडकवून. उन्हाळाभरात तो एकाही स्पर्धेला आला नव्हता. लोर्ना मात्र जूनपासून पथकाबरोबरच हिंडत होती. घरी बसले तर वेड लागेल, असं म्हणून तिने हातात झारा घेतला होता. ड्वेन ट्रॅक्टरच्या कारखान्यात जादा पाळ्या करत राहिला. दोघांनी दुःख असं वाटून घेतलं होतं, आणि वाटणीत कुणाच्याच वाट्याला कमी आलं नव्हतं.

"कुठून येतील?" त्याने विचारलं.

"डावीकडून. साइड ड्रम पुढे, ढोल मागे."

"आणि जागा? तिसरीच ना?"

"तिसरीच," लोर्ना म्हणाली, आणि मांडीवरचा ॲप्रनचा बंद बोटाला गुंडाळू लागली.

एप्रिलमधल्या सराव शिबिरातून घरी परतताना त्यांच्या मुलीची, ब्रिनची गाडी शेतातल्या चौकात एका मालट्रकखाली गेली. ती एकोणीस वर्षांची होती. टर्की रिव्हर पथकात पाच मोठे ढोल असतात, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, आणि तिसरा तिचा होता. पथकांची रीत अशी की मोसमाच्या मधेच कुणी गळालं, तर चालीची आखणी मोडत नाहीत. बाकीचे त्या मोकळ्या जागेला धरून चालतात, वळतात, मागे सरतात. उरलेल्या चार ढोलकऱ्यांनी जूनभर तेच केलं. ठोका पहिल्या ढोलावरून पाचव्यापर्यंत धावत जायचा आणि तिसऱ्यापाशी क्षणभर नाहीसा व्हायचा. परीक्षक गुण कापायचे. कुणी तक्रार केली नाही.

लोर्ना रोज ड्वेनला फोनवर सांगायची, आज जागा सरळ राहिली, आज वळणावर जरा अरुंद झाली. तो ऐकून घ्यायचा. आठवड्यापूर्वी एकदम म्हणाला, "मी येतो. मला तो न वाजणारा ठोका ऐकायचाय. तेवढंच राहिलंय तिचं."

त्यानंतर दोन दिवसांनी ढोलांचा मास्तर रेमंड स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसला होता. टोपी हातात घेऊन म्हणाला होता, "गुणांचं जाऊ दे, लोर्ना. पोरं मोडतायत. दुसऱ्या नंबरची पोरगी सरावात तीनदा ओकली. चौथ्या नंबरचा पोरगा झोपत नाही. दिवसभर त्या रिकाम्या जागेच्या कडेने चालायचं म्हणजे... तू नाही म्हणालीस, तर विषय संपला."

लोर्नाने हातातला टोमॅटो पुरता चिरला आणि मग हो म्हटलं. ते ड्वेनला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, तिची छातीच झाली नाही.

"ड्वेन," आता ती म्हणाली, "तुला एक सांगायचं होतं—"

"वाव्रा! अरे, उगवलास का शेवटी!"

मागच्या रांगेतून हार्लनने ड्वेनच्या पाठीत थाप मारली. ऐंशी वर्षांचा हा म्हातारा एकेकाळी त्याच पथकात बिगुल फुंकायचा. बटणं न लागणारं जुनं जाकीट या उकाड्यातही त्याने अंगावर चढवलं होतं.

"आजकालच्या पथकांना काही अर्थ नाही," तो म्हणाला. "नाचतात काय, लोळतात काय. आम्ही चालायचो बाबा, दोन पायांवर. पण तुझ्या पोरीची जागा मी तीन गावांत जाऊन पाहिली. चौघंजण तिची जागा राखून चालतात! माझ्यासारखा रेडा रडला, आणखी काय सांगू? बायको म्हणाली, आपल्या लग्नात नाही रडलास."

"लग्नात रडायला हवं होतंस, हार्लन," ड्वेन म्हणाला. "बायकोच्या वतीने."

म्हातारा खो खो हसला. ड्वेनही हसला, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा. आता सांगितलंच पाहिजे, असं तिने ठरवलं. तोंड उघडलं, तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून पथकाचं नाव पुकारलं गेलं आणि सगळा डावा कोपरा ओरडत उठला.

पोरं आत आली. निळे कोट, पांढरे तुरे, हनुवटीवर घट्ट पट्टे. तुऱ्याखाली चेहरा कुणाचाच कळत नाही, आणि ढोलकरी तर आडवे वळलेले, पोटावर चाकाएवढा ढोल. ड्वेनने दुर्बीण डोळ्यांना लावली. त्याचे ओठ हलत होते, तो मोजत होता.

त्याने दुर्बीण खाली घेतली, काच शर्टाने पुसली आणि पुन्हा लावली.

"पाच आहेत," तो म्हणाला.

"हो."

"तिसरी कोण?"

"नोएमी नाव आहे. टेक्सासची आहे. आधी झांजा वाजवायची."

"कधीपासून?"

"शुक्रवारपासून."

"मला कोणी विचारलं नाही."

"मला विचारलं होतं," लोर्ना म्हणाली. "मी हो म्हटलं."

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. कानाच्या पाळीपासून मानेपर्यंत तो लाल झाला. मैदानात शांतता पसरली होती. पथकाच्या नायकाने हात वर केला आणि पितळी वाद्यांचा मोठा स्वर अंगावर आला. लोर्नाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. ती फक्त ड्वेनच्या गुडघ्यावरच्या हाताकडे बघत होती.

तिसऱ्या मिनिटाला ढोलांची पाळी आली. बाकी सगळे थांबले. ठोका पहिल्यापासून निघाला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर, पाचव्यावर, आणि उलट धावत परत आला. कुठे अडला नाही. मागे हार्लन पुटपुटला, "अरेच्चा, भरली की!" लोर्नाला बरं वाटलं. तेच तिला सोसवलं नाही. आपल्या पोरीची जागा भरलेली ऐकून आपल्याला बरं वाटलं, हे तिला आयुष्यभर कुणाला सांगता येणार नव्हतं.

ड्वेन उठला.

पथक मैदानात असताना बाकड्यांवरून कोणी उठत नाही. तहान लागो, लघवी लागो. दारावरचा स्वयंसेवक येणाऱ्यालाही दोरी धरून अडवतो. उठणाऱ्यांवर ड्वेनने स्वतः अनेकदा आवाज चढवला होता. आता तोच लोकांच्या गुडघ्यांना धक्के देत जिन्याकडे निघाला.

"बस खाली, ए!" वरून कोणीतरी खेकसलं. "पोरं वाजवतायत, दिसत नाही?"

"त्याला जाऊ दे," हार्लन मागे वळून ओरडला. "त्याला सोडून सगळ्यांनी बसा!"

लोर्ना मात्र जागची हलली नाही. उरलेली आठ मिनिटं तिने कार्यक्रमपत्रकावर बसून काढली आणि टाळ्या सुरू झाल्यावर आडवीतिडवी वाट काढत वाहनतळाकडे धावली. त्यांचा पिकअप होता तिथेच होता, पण मागचा अवजारांचा खोका उघडा होता आणि ड्वेन नव्हता. तो रागाने रेमंडच्या अंगावर गेला असेल, किंवा त्या पोरीवर. मैदानातून येणारी पथकं जिथे वाद्यं उतरवतात त्या पटांगणाकडे ती जवळजवळ पळतच गेली.

ढोल जमिनीवर ओळीने मांडले होते. पोरं पाणी पीत होती, पण आवाज न करता. तिसऱ्या ढोलाजवळ ड्वेन एका गुडघ्यावर बसला होता. त्याच्यासमोर एक बुटकी मुलगी कोट काढून उभी होती. बनियनबाहेर तिचे दोन्ही खांदे गळ्यापर्यंत काळेनिळे झालेले दिसत होते.

"कुंपणाशी उभा राहून पाहिलं मी. मागे चालताना तुझा ठोका उशिरा पडतो," ड्वेन तिला सांगत होता. "तुझी चूक नाही. ढोल अंगावर बसतच नाहीये. झुलतो, मग तू आधी त्याला सावरतेस आणि नंतर वाजवतेस."

"हो सर."

"हा सांगाडा खाली-वर करता येतो, हे कोणी सांगितलं नाही तुला?"

नोएमीने रेमंडकडे पाहिलं. रेमंड जमिनीकडे बघत होता.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "रेमंड स्क्रू काढायला पण निघाले होते. मीच म्हटलं, राहू दे. तो तिच्या मापाचा आहे."

ढोल अंगावर अडकवायचा तो ॲल्युमिनियमचा सांगाडा ड्वेनने मांडीवर ओढला. मार्चमध्ये घरच्या गॅरेजमध्ये त्यानेच तो ब्रिनच्या खांद्यांवर बसवून दिला होता, तिला तीनतीनदा उभं करून. उन्हाळाभर सैल पडू नये म्हणून स्क्रूच्या आट्यांना डिंक लावला होता. आता त्याने स्क्रूला चावी लावली आणि जोर दिला. स्क्रू हलला नाही. पुन्हा जोर दिला. चावी निसटून त्याची बोटं धातूवर आपटली.

लोर्नाला वाटलं, म्हणावं की राहू दे, कशाला.

"लोर्ना," तो वर न बघता म्हणाला, "जरा इकडून धर. गच्च."

ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि सांगाड्याची दुसरी बाजू दोन्ही हातांनी धरली. त्याने चावीवर सगळा भार टाकला. डिंक कट्कन तुटला. मग दुसरा स्क्रू. तोही निघाला.

"उभी राहा बाळा," तो नोएमीला म्हणाला. तिने सांगाडा अंगात घातला. ड्वेन खांद्यांवरची पट्टी थोडी थोडी खाली सरकवत गेला. "इथे? टोचतंय?"

"अजून थोडं."

"आता?"

नोएमीने खांदे उचलून पाहिले, सोडले, मोठा श्वास घेतला. "आता नाही."

ड्वेनने त्या जागी स्क्रू घट्ट केले. पट्टी जिथून निघाली तिथे दोन भोकं मोकळी राहिली होती आणि त्यांच्याभोवतीचा धातू अजून नवाकोरा होता. त्याने अंगठा आणि तर्जनी ताणून ते अंतर मोजलं आणि बोटं तशीच उचलून लोर्नापुढे धरली.

"हिच्यापेक्षा एवढी उंच होती," तो म्हणाला.

लोर्नाने मान हलवली. तिने त्याची ती दोन बोटं आपल्या कांद्याच्या वासाच्या हातात घेतली, अंतर मोडू न देता.