भोंग्याविना सात

आमच्या गावात घड्याळं आहेत, पण ती भिंतीच्या शोभेला. खरी वेळ साखर कारखान्याचा भोंगा सांगतो. सातचा भोंगा झाला की पाळी बदलते, शाळेची घंटा होते आणि चनमल्लप्पाची वडाप जीप भाड्याची माणसं भरून सोलापूरला निघते. घरटी एक माणूस कारखान्यात, मग वेळ तरी दुसऱ्याची कशाला?

त्या सोमवारी भोंगा झालाच नाही. चनमल्लप्पा माझ्या टपरीवर निवांत चहा फुंकत बसलेला, आणि जीपमध्ये अंबुबाईची सोनम घामाघूम. दहाला सोलापूरच्या एका दवाखान्यात नर्सच्या जागेसाठी तिची मुलाखत होती. कारखान्याबाहेर नोकरी धरू बघणारी गावातली ही पहिलीच पोर.

"मामा, मोबाईल बघा की! सव्वासात झाले!"

"मोबाईल कायबी दाखवतंय. भोंग्याआधी निघालो अन् रातपाळीची मानसं मागं राहिली, तर शिव्या कोण खानार?"

लग्नाचा मुहूर्त टळला तरी चालेल, भोंगा चुकायला नको, अशी आमची अक्कल. शहाणा मीही नव्हे; दुसरं आधण मी भोंग्यानंतरच ठेवतो.

तेवढ्यात अंबुबाई मेंढरं घेऊन आली. दोन दिवस तिनं लेकीशी अबोला धरला होता. पोरगी कारखान्यात चिकटली असती तर डोळ्यापुढं राहिली असती, एवढंच तिचं म्हणणं. आता तर तिनं नुसतं गप्प राहिलं तरी भागणार होतं.

तिनं सोनमच्या रडवेल्या तोंडाकडं पाहिलं. पदर कमरेला खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि माळापल्याडची मेंढरं बोलवायचा आवाज काढला, "ऊऽऽऽऽऽ!" लांबलचक, दमदार, थेट कारखान्याच्या गेटापर्यंत.

शाळेची घंटा वाजली. रातपाळीवाले पळत येऊन जीपला लटकले. समोर बाई ओरडताना दिसत असूनही चनमल्लप्पानं अर्धा चहा टाकून जीप चालू केली. सवय म्हणजे सवय!

"आई!" सोनमनं हाक मारली, तोवर जीप वळलीसुद्धा.

मेंढरं मात्र सगळी अंबुबाईभोवती गोळा झाली. मी हसत हसत चहा घेऊन गेलो, तर बाईच्या डोळ्यांना धार लागलेली.

"रडताय व्हय, अंबुबाई?"

"न्हाय रं, घसा बसलाय," ती म्हणाली. मग रस्त्याकडं बघत विचारलं, "पोचंल न्हवं ती दहाच्या आत?"