तिसऱ्या पाईपची चटचट

बाई गं, तीस वर्षं गाड्यांचं बोंबलणं ऐकत मी भाकरी थापल्या! तळोद्यात आमचं सायलेन्सरचं गॅरेज, अन् घराच्या नि गॅरेजच्या मधे एकच भिंत. "जहीर मिस्त्रीसारखा कान कुणाचा नाही," असं लोक म्हणायचे. आमचे हेही ऐटीत म्हणायचे, "कान गेले की शटर ओढीन." आणि कान तर दोन वर्षांपासून जात होते. मला कळलं होतं, पण तोंड शिवून बसले. गॅरेज सुटलं तर हा माणूस घरात झिजून जाईल, याची मला भीती होती.

कापडवाले कांतीलाल शेठनी आपली जुनी स्पोर्ट्स कार आणली. दोनच माणसं मावतील एवढी, लालभडक. इंजिनातला धूर बाहेर काढणारा तिचा मॅनिफोल्ड तडकला होता. आमच्या यांनी त्या जागी चार पाईपांचा हेडर घडवला. पाईपांत वाळू ठासून, तापवून, एकेक वाकवला. आठ दिवस जेवणाची शुद्ध नव्हती.

शेठ न्यायला आले. गाडी सुरू झाली. काय दमदार आवाज! पण त्यात मला बारीक चटचट ऐकू आली. कुठून तरी धूर गळत होता, अन् तो शेठच्याच नाकातोंडात जाणार. हे मात्र खुशाल म्हणाले, "एकदम ओके शे, शेठ. गाडी लई जा."

मी पिठाच्या हातांनीच धावले. "बंद करा ते मढं! मन्हं डोकं फुटी ऱ्हायनं! उद्या या!"

"बरं बरं, शहाबानोभाभी," म्हणत बिचारे शेठ गाडी ठेवून निघून गेले.

हे माझ्यावर लालेलाल. मी त्यांचा हात धरला आणि तळव्यावर बोटानं वाजवलं, चट, चट, चट. गळती आपल्याला ऐकूच आली नाही, हे त्यांना उमगलं.

"आते शटर ओढनं पडी," म्हणाले.

त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मी ओरडले, "कसाले? मन्हा कान शेतस ना!" माझे कान होतेच की त्यांच्यासाठी.

यांनी इंजिन सुरू करून पेटती अगरबत्ती एकेका जोडाजवळ धरली. तिसऱ्या पाईपपाशी तिचा धूर फर्रकन उडाला. पाईप उतरवला, वेल्डिंग केलं, पुन्हा बसवला. गाडी सुरू केली अन् इंजिनाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. चटचट गेली होती. मला रडू आवरेना. त्यांना वाटलं अजून गळतंय, म्हणून मुकाट्यानं परत पाना उचलला. मी तो हिसकावून घेतला, जोरजोरात मान डोलावली अन् त्यांचा काळा हात तसाच गालाला लावला.