कोपराखालची नळी

"आजोबा, सोडा ना ती नळी! बोटं दुखतील," शेजारच्या टेबलावरची चष्मेवाली प्रोग्रॅमर हसत म्हणाली. ऑफिसातले सगळ्यांत म्हातारे प्रोग्रॅमर म्हणून त्यांना सगळे आजोबाच म्हणत.

आजोबांनी सलाइनची नळी चिमटीत घट्ट दाबून धरली होती. थेंब थांबले होते. टेबलावरचं थेंब मोजणारं यंत्र मात्र ढिम्म. पडद्यावर उमटलं होतं, 'उरलेला वेळ : अनंत'.

"शून्याने भागलं तरी बंद नाही पडलं बघा!" ती म्हणाली.

"तेच तर वाईट. हिशेब पूर्णांकात असता तर प्रोग्रॅमने 'चूक' म्हणून लगेच बोंब मारली असती. दशांश संख्या फार सोशिक. बाटलीतलं औषध भागिले थेंबांचा वेग. वेग शून्य झाला की म्हणते, घ्या अनंत! बरं, घंटा कधी वाजते आपली?"

"अर्ध्या तासाहून कमी वेळ उरला की."

"आणि अनंत अर्ध्या तासाहून कमी?"

तिचं हसू मावळलं. नळी मुडपणार, औषध अडणार आणि यंत्र म्हणणार, झोपा निवांत.

तेवढ्यात साहेब दारात आले. "यंत्रं हॉस्पिटलात न्यायला गाडी खाली ताटकळलीय. नळी दाबून बसणार कोण, आजोबा? पुढच्या खेपेला बघू."

"आजारी माणूस कूस बदलतो, साहेब."

एवढंच बोलून ते खुर्चीत बसले. पहिलं यंत्र ज्या वॉर्डात लागणार होतं तिथे त्यांची बायको होती, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रोग्रॅममध्ये भागाकाराच्या खाली त्यांनी एकच प्रश्न घातला : उत्तर अनंत आलंय का? आलं असेल तर आधी घंटा. मग नळी पुन्हा दाबली. घंटा अशी कोकलली की साहेबांनी कानांवर हात ठेवले.

"न्या आता," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा वॉर्डात खाटेशेजारी बसले असताना बायको झोपेत कुशीवर वळली. कोपराखाली नळी मुडपली आणि घंटा खणखणली. नर्स धावत आली, नळी सरळ करून गेली.

"जरा कुठे डोळा लागला होता," बायको करवादली. "कुणी केलंय हो हे कार्टं?"

"असेल कुणीतरी खडूस."

"बिचारी त्याची बायको!"

आजोबा नुसते हसले. ती पुन्हा झोपली तेव्हा त्यांनी तिच्या कोपराखाली हलकेच आपला तळहात सरकवला. हाताला मुंग्या आल्या, तरी काढला नाही.