बाळंतिणीचं मियोक

चिंदोहून क्वांगजू शहराला जाणाऱ्या बसमध्ये म्हाताऱ्या मान्सूनं ते वाळलेलं मियोक दोन्ही गुडघ्यांत उभं धरलं होतं, तान्ह्या पोराला सांभाळावं तसं. आपल्या बेटाच्या खडकावरचं समुद्री शेवाळ, कमरेएवढं लांब. बाळंतिणीच्या मियोकची घडी घालायची नाही, ते मोडायचं नाही, नाहीतर तिचा घात होतो, हे तिकडचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

त्यानं एकदा ती घडी घातली होती. बत्तीस वर्षांपूर्वी, घाईघाईत, पिशवीत मावेना म्हणून. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी बायको गेली, इवलीशी लेक बोराम मागे ठेवून. आपणच तिला मारलं, असं त्याच्या मनानं घेतलं ते घेतलंच. कुणाजवळ अवाक्षर काढलं नाही. आणि आज बोरामच्या बाळंतपणाचा तिसरा दिवस होता.

क्वांगजूला उतरताना मागून मुळ्यांचं पोतं घेतलेली एक बाई खेकसली, "अहो, उतरताय की मुक्काम करताय?"

धक्का बसला आणि मियोक मधोमध कडकन मोडलं. त्यानं दोन्ही तुकडे उचलून घेतले. दुकानात दुसरं होतं, पण सगळं तुकडे करून पाकिटात भरलेलं. तासभर तो स्टँडवर नुसता बसून राहिला. परत जावं, असंही मनात आलं. पण पोरीला बघितल्याशिवाय कसं जाणार?

"अप्पा, किती हा उशीर!" दार उघडत बोराम म्हणाली. "सकाळपासून भुकेली बसलेय मी. कुठंय माझं मियोकचं सार?"

"ते नको खाऊस, पोरी. मोडलंय." आणि मग बांध फुटावा तसं तो सगळं बोलून गेला. ती पिशवी, ती घडी, तो तिसरा दिवस.

बोराम खालीच बसली. "अहो अप्पा, आईला रक्तस्राव झाला होता. वादळात होडी निघेना, म्हणून डॉक्टर आला नाही. आत्यानं सांगितलंय मला."

"आत्याला काय कळतंय?"

"आणि तुम्हाला फार कळतंय! एवढं ओझं एकट्यानं वाहिलंत? वेडे आहात तुम्ही." तिनं डोळे पुसले. "सासूबाई म्हणतात, सारानं रक्त भरून येतं, दूध उतरतं. डॉक्टर म्हणतात, त्यात कॅल्शियम असतं, फक्त अति खाऊ नका. मला यातलं काही नको. मला तुमच्या हातचं हवंय. उठा बघू."

मान्सू उठला. मियोक भिजवून तिळाच्या तेलात परतलं, पाणी ओतलं आणि रस्सा दुधाळ होईस्तोवर मंद आचेवर ठेवलं. बोरामनं पहिली वाटी संपवली, दुसरी घेतली. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला.

"माझ्या प्रत्येक वाढदिवसाला पहाटे उठून हे सार केलंत," ती म्हणाली. "स्वतः एकदाही चमचा तोंडाला लावला नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला आवडत नाही." तिनं चमचा भरून त्याच्या तोंडापुढे धरला. "घ्या. नाहीतर मी पण टाकून देईन."

त्यानं घेतला. मग त्याला काहीतरी आठवलं, इतक्या वर्षांत कधी वर आलं नव्हतं असं.

"तुझ्या आईनंसुद्धा दोन वाट्या खाल्ल्या होत्या गं," तो म्हणाला. "आणि वर आणखी मागितलं होतं."