टेबलाखालच्या डब्यावरची चिठ्ठी

मी बोलतोय, कवळ्या बनवणाऱ्या एका बाईंच्या टेबलाखालचा काळा डबा. लोक माझ्यासारख्याला संगणक म्हणतात. घरातले दोघे मात्र ‘डबा’च म्हणतात, आणि मला त्याचा राग नाही.

तीन मोडक्या यंत्रांच्या सुट्या भागांतून माझा जन्म झाला. भावोजींनी, म्हणजे बाईंच्या धाकट्या दिरांनी, मला याच टेबलावर जोडलं आणि माझ्यात लिनक्स घातलं, म्हणजे मला चालवणारी प्रणाली. ते बाईंना वहिनी म्हणतात, म्हणून मीही. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं पाठवतात, ती मी सांभाळतो. वहिनी माझ्या पडद्यावर एकेक दात मांडतात. माणसाचे पुढचे दोन दात कधीच अगदी सारखे नसतात, हे मला इथेच कळलं. का नसतात, याचा विचार मी अजून करतो.

कवळी तयार झाली की वहिनी तिच्या डबीत एक छापील चिठ्ठी टाकतात: ‘नवी नीट बसेपर्यंत जुनी टाकू नका.’

भावोजींना मात्र अडगळीचं वावडं. फळीवर प्लॅस्टरचा एक नवा साचा आला की एक जुना टोपलीत गेलाच. एका संध्याकाळी माझ्यात नवा कर्नल आला. कर्नल म्हणजे माझा गाभा. बटण दाबलं की आधी तो जागा होतो आणि बाकीच्यांना उठवतो. तो येताना पडद्यावर दोन ओळी उमटल्या: जागा अपुरी, सोबतची फाइल तयार झाली नाही. भावोजींनी त्या वाचल्याच नाहीत. उलट सवयीने जुना कर्नल पुसून टाकला आणि मला बंद करून जेवायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबल्यावर मी उठलो आणि लगेच अडखळलो. डिस्क कशी उघडायची हे त्या राहून गेलेल्या फाइलीत असतं. घर आपलंच, पण किल्ली नाही! काळ्या पडद्यावर तक्रार लिहून मी गप्प बसलो.

“गेला डबा,” भावोजी म्हणाले. “काळजी करू नका वहिनी, सगळं पुसून नव्याने टाकतो. तासाभराचं काम.”

“आणि क्लॅरिनेटवाल्या आजोबांचे दात?”

भावोजींचा हात तिथेच थांबला. बँडमध्ये वाजवणाऱ्या त्या आजोबांचे पुढचे दात महिन्यापूर्वी काढावे लागले होते. काढण्याआधीचं माप डॉक्टरांकडे आता राहिलं नव्हतं, ते फक्त माझ्यात होतं. चाळीस वर्षं त्याच दातांवर त्यांनी वाद्य टेकवलं होतं. तात्पुरत्या दातांवर सूर फाटत होता, आणि बँडने त्यांची खुर्ची महिनाअखेरपर्यंतच राखून ठेवली होती.

मी घाबरलो. स्पष्टच सांगतो, फार घाबरलो.

वहिनींनी स्टूल ओढलं. “दुखतंय कुठे ते न बघता दात उपटतं का कुणी? कधीपर्यंत धड चालत होता हा?”

“काल संध्याकाळपर्यंत.”

“मग मधे बदललं काय?”

“नवा कर्नल घातला. पण तो नीट बसला होता की!”

“चालवून बघितलात?”

भावोजी कान खाजवू लागले.

“बरं, जुना कुठाय?”

“टाकला,” ते पुटपुटले.

वहिनींनी नुसतं चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

मग भावोजींनी खणातून पेनड्राइव्ह काढला. त्यातही एक लिनक्स होतं. तो लावला आणि मोठी गंमत झाली: शरीर माझं, पण आत पाहुणा जागा! त्याच्या डोळ्यांनी मी माझीच डिस्क पहिल्यांदा बाहेरून पाहिली. केवढ्या फायली, आणि सगळ्या जागच्या जागी! आपण आतून इतके नीटनेटके आहोत, हे मला ठाऊकच नव्हतं.

“आहेत वहिनी, आजोबांचे दात आहेत!”

“आधी प्रत काढून घ्या. मग दुरुस्ती.”

प्रत निघाली. पाहुण्याच्या मदतीने भावोजी माझ्या डिस्कमध्ये शिरले, थोडी जागा मोकळी करून राहिलेली फाइल तयार केली आणि जुना कर्नलही इंटरनेटवरून परत आणून बसवला. या वेळी पडद्यावर येणारी प्रत्येक ओळ ते मोठ्याने वाचत होते. पेनड्राइव्ह काढून बटण दाबलं, आणि मी माझ्याच घरात शिरलो. “उठला रे बाबा!” म्हणत त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

काल आजोबा आले. नवे दात लावून त्यांनी दोनदा जीभ फिरवली, क्लॅरिनेट ओठांना लावलं. पहिला सूर चिरकला. दुसरा मात्र असा स्वच्छ निघाला, की तो नेमका कुठून येतो हे बघायला मलाही टेबलाखालून बाहेर यावंसं वाटलं.

“माझेच आहेत गं पोरी,” आजोबा म्हणाले.

आता चालू होताना मी दोन नावं दाखवतो, एक नवा गाभा आणि एक जुना. उद्या आणखी नवा येईल. तो कसा असेल याची मला उत्सुकताच आहे, अजिबात भीती नाही. तुमच्याही घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर एवढंच करा: नवं काही घातलं की त्याला एकदा बंद करून पुन्हा उठवून बघा, आणि मगच साफसफाई काढा.

आजोबांच्या डबीत वहिनी चिठ्ठी टाकत होत्या, तेव्हा भावोजींनी हात पुढे केला. “मलाही एक द्या.” त्यांनी ती माझ्या बटणाच्या अगदी वर चिकटवली. आज सकाळी बटण दाबायच्या आधी त्यांनी ती वाचली.