पांढऱ्या डब्याखालची भिंत

मितानियोसचा ठोसा बसला तेव्हा वदीहच्या तोंडात ऑलिव्हचं बी होतं. ते रक्ताबरोबर ताटात पडलं. रविवारची प्रार्थना आटोपून घरची सगळी जेवायला बसली होती. भांडण होतं पाण्याखालच्या एका भिंतीवरून.

वदीह पाणबुडा. समुद्राने गिळलेलं फिनिशियन लोकांचं शहर तो मिसरूड फुटल्यापासून शोधत आला होता. यंदाच्या उन्हाळ्यात खडकाळ भूशिराच्या मागे ते त्याला सापडलं. चुन्याशिवाय घट्ट बसवलेले घडीव दगड, आणि पायथ्याशी शंखांचा खच. जांभळा रंग काढण्यासाठी प्रत्येक शंखाला एकाच जागी भोक पाडलेलं. बैरूतहून पुराणवस्तू खात्याच्या बाई क्रुसाच्या सणानंतर बघायला येणार होत्या. तोवर भिंत शाबूत राहायला हवी होती.

मितानियोस त्याच्या बायकोचा भाऊ. डायनामाइटची कांडी पेटवून पाण्यात टाकायची आणि वर आलेले मेलेले मासे गोळा करायचे, हा त्याचा धंदा. अशाच एका कांडीने त्याची दोन बोटं नेली होती. मासे नेमके त्या भिंतीच्या आडोशाला जमत, आणि सरकारी माणसं आली की तिथली मासेमारी बंद होणार हे त्याला कळत होतं.

"तुम्हाला शहर सापडलं. आम्ही काय दगड चावायचे, दाजी?" मूठ चोळत तो म्हणाला.

त्या बंदरात एक नियम मात्र सगळे पाळत. पाणबुडा खाली गेला की दोरीला बांधलेला पांढरा डबा वर तरंगत सोडायचा. डबा दिसला की तिथे कांडी टाकायची नाही, मग खाली हाडवैरी का असेना.

वदीहने काय केलं, डब्याच्या दोरीला दगड बांधला, डबा भिंतीवर सोडला आणि तो घरी गेला. मितानियोस येई, शिव्या घाली आणि बोट वळवून निघून जाई. हे चांगलं नाही, असं बायको नझहा म्हणाली, तेव्हा सणापर्यंतच, असं सांगून वदीहने तिला गप्प केलं.

एका सकाळी तो भट्टीवर रोट्या घेत असताना मितानियोसने त्याला पाहिलं. त्याने वदीहची मान धरून त्याला ओट्यावर आपटलं आणि बरगड्यांत लाथा घातल्या. भट्टीवाल्याने ओढलं तेव्हा कुठे तो थांबला.

"डबा तिकडे पोहतोय, आणि दाजी इथे गरम रोट्या खातायत," तो धापा टाकत म्हणाला.

वदीहला लाज वाटली. आता खोटं नको, आपण स्वतःच खाली राहायचं, असं त्याने ठरवलं. दुसऱ्या दिवशी ठणकणाऱ्या बरगड्या घेऊन तो खडकावरून पोहत गेला आणि डब्याखाली बुड्या मारू लागला. आज डबा खरा होता. वरून बघणाऱ्याला ते कसं कळावं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

तो तळाशी असताना इंजिनाची घरघर आली. भिंतीपलीकडे बुडबुडे सोडत एक कांडी खाली उतरली. तो अलीकडे दगडांना चिकटला. पाणी घणासारखं अंगावर आलं. भिंतीने तो घाव घेतला, मग तीच कलंडली आणि एका दगडाने त्याची नडगी मोडली.

पोटं फुटलेल्या माशांमध्ये तो वर आला. नाकाकानांतून रक्त वाहत होतं. मितानियोसने कपड्यांनिशी उडी घेतली आणि त्याला बोटीत ओढलं. वदीहने वल्हं उचलून त्याच्या तोंडावर घातलं, मग पुन्हा घातलं. दात पडले. मितानियोसने हात वर केला नाही. त्याचे फुटलेले ओठ तेच तेच शब्द बोलत होते. वदीहला काही ऐकू येत नव्हतं, पण ओठांवरून कळलं.

"मला वाटलं, खाली कुणी नाही."

वदीहच्या हातून वल्हं सुटलं.

बाई आल्या तेव्हा तळाशी फुटक्या दगडांचा ढीग होता. बहिऱ्या वदीहने त्यांच्या हातावर भोक पाडलेला एक शंख ठेवला. त्या बंदरात आता पाणबुडा खाली गेला की त्याच्या घरचं कुणीतरी खडकावर बसून हातातलं फडकं हलवत राहतं. डब्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.