ऐंशी ग्रॅमचा साक्षीदार

मी स्वयंपाकघरातला वजनकाटा. डोक्यावर स्टीलचं ताट, पोटात स्प्रिंग, छातीवर गोल तबकडी आणि तिच्यात एक लाल सुई, एवढाच माझा संसार. मला चव कळत नाही, वास येत नाही. कुणाचं चुकलं, कुणाचं बरोबर, या भानगडीत मी कधी पडलो नाही. ताटात ठेवाल तेवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. या स्वभावाचा मला जरा गर्वच होता, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझा जन्म कारखान्यातला. चष्मा घातलेल्या एका तपासनिसाने माझ्या ताटात पितळी वजनं एकामागून एक ठेवली, सुई बघितली आणि पाठीवर ‘तपासले’ अशी हिरवी चिठ्ठी डकवली. त्यानंतर बरीच वर्षं मला कुणी तपासलं नाही. तशी गरज आहे असं मलाही कधी वाटलं नाही.

मला घरी आणलं ते औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईने. घरात माणसं दोनच, ती आणि तिचे सासरे. नवरा मालवाहू जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. सासूबाई गेल्यापासून सासरे फारसे बोलत नसत. तीस वर्षं बस चालवलेला माणूस, पण आता खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या गाड्या मोजायचा. सूनबाई मला वर्षातून दोनदा केकसाठी काढायची. बाकी दिवस मी डब्यांच्या मागे धूळ खात पडलेला असे.

मग गुंडी आली. शर्टाच्या गुंडीसारखी काळी, गोल, चार किलोची कुत्री. जहाजावर परत जाण्याआधी मुलानेच तिला बापाच्या मांडीवर आणून ठेवलं. पहिले दोन दिवस सासरे म्हणाले, “मला नको ही ब्याद.” तिसऱ्या दिवशी ते तिला बसचे जुने मार्ग थांब्यांसकट सांगत होते.

गुंडीला पाकिटातलं खाणं काही मानवेना. अंगाला खाज सुटायची, खाल्लेलं उलटून पडायचं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी घरचं खाणं सुरू करायला परवानगी दिली, पण बजावून.

“घरचं म्हणजे तुमच्या ताटातलं उरलंसुरलं नव्हे. नुसता चिकन-भात घातलात तर पोट भरेल, हाडं उपाशी राहतील. मी लिहून देते तसंच करायचं.”

सूनबाईला असं लिहून दिलेलं फार आवडतं. तिने तो कागद फ्रिजला चिकटवला आणि माझी डब्यांमागून सुटका झाली. रविवारी सकाळी ओट्यावर कारखानाच सुरू व्हायचा. बिनहाडाचं चिकन मीठ न घालता उकडायचं, थोडं काळीज, मऊ भात, लाल भोपळा, गाजर, श्रावणघेवडा. अंड्यांची टरफलं धुऊन, भाजून, मिक्सरमध्ये पिठासारखी दळायची आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या मापाने मिसळायची. सोबत त्यांनीच दिलेली जीवनसत्त्वांची पूड. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट यांच्या नावावर कागदावर लाल फुली होती. सगळं कालवून झालं की एकेक वाटा माझ्या ताटात यायचा. सकाळी ऐंशी ग्रॅम, संध्याकाळी ऐंशी ग्रॅम. चौदा डबे भरून फ्रीझरमध्ये जायचे.

खाऊसुद्धा मोजका. ओट्सचं पीठ आणि भोपळा मळून नखाएवढी बिस्किटं भाजायची, दिवसाला चार, आणि तीही सूनबाईच्याच हातून.

“चार किलोच्या जिवाला एक बिस्किट म्हणजे आपल्याला अख्खी पोळी,” ती सासऱ्यांना सांगायची. “ती कितीही बघत बसली तरी द्यायचं नाही, बाबा.”

“मी कशाला देतोय,” सासरे म्हणायचे.

गुंडीची खाज गेली, केस चमकायला लागले. सासरे तिला घेऊन सकाळ-संध्याकाळ फिरायला जायचे आणि येताना दोघंही धापा टाकत, खुशीत यायची. माझं काम चोख चाललं होतं.

एका सकाळी सूनबाईला दुकानात जायला उशीर झाला होता. डबा काढताना तिचं कोपर लागलं आणि मी ओट्यावरून थेट फरशीवर. तिने मला उचललं, पुसलं, सुई बघितली. सुई शून्यावर होती. “वाचला,” ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं.

दोन महिन्यांनी गुंडी लंगडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी तिला तोलली तर सव्वापाच किलो भरली! मागच्या पायाच्या गुडघ्याची वाटी जागेवरून सरकत होती. लहान चणीच्या कुत्र्यांना हा त्रास होतो, म्हणाल्या, त्यात हे वजन. महिन्याभरात उतरलं नाही तर ऑपरेशन करावं लागेल. आणि मग त्यांनी विचारलं, “घरात कोण चोरून भरवतं?”

घरात माणसं दोनच होती. त्यातली एक तर ग्रॅम न् ग्रॅम मोजणारी. मग राहिलं कोण?

घरी आल्या आल्या स्वयंपाकघरातच विषय निघाला.

“बाबा, खरं सांगा. तुम्ही तिला काय देता?”

“मी काही देत नाही गं.”

“एकदासुद्धा नाही?”

सासऱ्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग ते गुंडीकडे बघत बसले.

“बघा! चोराच्या मनात चांदणं.” सूनबाईचा आवाज चढला. “मी इथे टरफलं दळत बसते, ग्रॅमग्रॅम मोजते, आणि तुम्ही माया दाखवता! ती लंगडतेय ना, ती तुमच्या मायेमुळे.”

मी ओट्यावर होतो, सुई शून्यावर ठेवून. खरं सांगतो, मलाही ते दोषीच वाटले. मोजलेलं सगळं माझ्यासमोर मोजलं होतं. जास्तीचं आलं असेल ते त्यांच्याच खिशातून, असा माझा हिशेब होता. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं ते असं.

पंधरा दिवस सूनबाईने वाटा सत्तर ग्रॅमवर आणला. वजन तसूभर हललं नाही. तिची खात्रीच पटली. तिने बहिणीला फोन लावला आणि गुंडीला बरी होईपर्यंत तिच्याकडे पाठवायचं ठरलं. ‘बरी होईपर्यंत’ म्हणजे किती, ते कुणी बोललं नाही. सासऱ्यांना तिने जेवताना सांगितलं. त्यांनी मान हलवली, अर्धं जेवण ताटात ठेवलं आणि उठले. त्या दिवसापासून ते गुंडीशीही बोलेनासे झाले. फिरायला न्यायचे, पण मुकाट्याने. कुणी बघितलं तर आणखी संशय नको, म्हणून तिच्याजवळ बसायचेसुद्धा नाहीत. ती मात्र त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याशी पडून असायची.

गुंडी जायच्या आदल्या दुपारी सूनबाई बरोबर द्यायची बिस्किटं करायला घेत होती. दोन आठवड्यांचा साठा करायचा, म्हणून पीठ मोजून अर्धा किलो हवं होतं. तिने ओट्सच्या पिठाचं नवं कोरं पाकीट फोडलं आणि अख्खं माझ्या ताटात ओतलं. सुई चारशेवर थांबली.

“लुबाडतात मेले,” ती म्हणाली. “पाकिटावर पाचशे आणि आत चारशे!”

दुकानदाराला दाखवायचं म्हणून तिने पाकीट बाजूला ठेवलं आणि कमी पडलेल्या पिठासाठी दुसरं पाकीट काढलं. ताटातलं पीठ परातीत काढून या खेपेला ते न फोडता, तसंच ठेवलं. चारशे. मग त्याच्या जागी फळीवरचं साखरेचं एक किलोचं बंद पाकीट ठेवलं. आठशे.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने ताट उचललं, खाली वाकून बघितलं. ताटाखालचा दांडा पडल्या दिवसापासून किंचित वाकला होता आणि कडेला घासत होता. रिकामा असताना मी शून्यावर उभा राहत होतो, अगदी सज्जनासारखा. ओझं पडलं की अडखळत होतो. मी ऐंशी म्हणत होतो तेव्हा ताटात शंभर होते. मी सत्तर म्हटलं तेव्हाही जवळजवळ नव्वद. डब्यातलं मिश्रण बिनचूक होतं, माप तेवढं खोटं होतं, आणि ते खोटं मी रोज सकाळ-संध्याकाळ सांगत होतो.

मला लाज वाटली. इतकी वर्षं मी सगळ्यांना तोलत आलो; स्वतःला तोलायची सोय मला नव्हती, पण ते मला कधी आठवलंही नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला चोर मी होतो.

सूनबाई पिठाच्या हाताने तशीच सासऱ्यांच्या खोलीशी गेली. खोली स्वयंपाकघराला लागूनच आहे, म्हणून मला ऐकू आलं. ते गुंडीची चादर घडी करून पिशवीत भरत होते.

“बाबा, काटा बिघडला होता.”

“कुठला काटा?”

“वजनाचा. रोज शंभर ग्रॅम जात होतं तिच्या पोटात. मीच घालत होते. माझं चुकलं, बाबा.”

चादर पिशवीतून परत बाहेर काढल्याची सळसळ ऐकू आली. मग सासरे म्हणाले, “मी एकदा दिलं होतं. पावाची कड. एवढीशी. एकदाच.”

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?”

“एक सांगितलं असतं, तर तू रोजचे धरले असतेस.”

सूनबाई खाली बसली असावी, कारण तिच्या रडण्याचा आवाज जमिनीलगतून आला. सासरे म्हणाले, “अगं, पिठाचे हात डोळ्यांना लावू नकोस.”

बहिणीला त्याच दिवशी फोन गेला. घरात नवा काटा आला, बॅटरीवर चालणारा, आकडे लखलखीत दाखवणारा. सूनबाई दर रविवारी त्याच्यावर अर्धा किलोचं बंद पाकीट ठेवून बघते. गुंडीचं वजन हळूहळू उतरलं. ऑपरेशन टळलं. पायऱ्यांवर अजून तिला उचलून घ्यावं लागतं, ते काम सासऱ्यांचं.

मी वरच्या फळीवर आहे. दुरुस्तीला न्यायचं असं दोनदा बोलणं झालं, राहून गेलं. माझी तक्रार नाही. तुमच्याही घरी माझा एखादा भाऊबंद असेल. त्याचं ऐका जरूर, पण तो शून्यावर उभा आहे एवढ्यावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नका. शून्यावर उभं राहायला फारसं काही लागत नाही.

इथून मला ओटा पूर्ण दिसतो. गुंडीचे वाटे आता सासरे करतात. सूनबाईनेच चमचा त्यांच्या हातात दिला. चष्मा नाकावर आणून ते नव्या काट्यासमोर वाकतात, भाताचं एक शीत जास्त झालं तर काढतात, कमी पडलं तर घालतात. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, बाजूला सरकून हाक मारतात, “सूनबाई, ऐंशी झाले गं. बघून घे.”

सूनबाई सिंकपाशी असते, पाठमोरी. ती वळत नाही.

“घाला हो, बाबा,” ती म्हणते, “भूक लागलीय तिला.”